म्हातारीचा हरवलेला भाग

बटणाला किती भोकं असावीत, याबद्दल जगात फारसे मतभेद नाहीत. काही लोक दोनवाले असतात, काही चारवाले, आणि दोन्ही पक्ष एकाच कपाटात गुण्यागोविंदाने नांदतात. त्यामुळे बटणांच्या त्या कारखान्यात एका सोमवारी म्हातारीने पाच भोकांचं बटण काढलं, तेव्हा कुणी काही बोललं नाही. प्रत्येकाला वाटलं, आपणच मोजायला चुकलो. मंगळवारी तिने तीन भोकांचं काढलं. बुधवारी बिनभोकाचं. आणि गुरुवारी एक असं बटण ट्रेमध्ये पडलं, की ज्यात बटण कमी आणि भोक जास्त होतं.

म्हातारी हे यंत्राचं नाव. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे म्हातारीचे दात काढणं, म्हातारीला खोलून ठेवणं, म्हातारीला भंगारात देणं असे विषय येणार आहेत आणि उगीच कुणाचा गैरसमज नको. माणसापेक्षा जरा उंच, कधीकाळी हिरवी असलेली, पोटाशी रुंद आणि वर एक जाड खांब. कोरं बटण एका बाजूने आत जाई, खांबावरचं ड्रिल चार वेळा खाली येई, दर वेळी बटण पाव फेरी फिरे, आणि दुसऱ्या बाजूने ते चार भोकं घेऊन बाहेर पडे. तिला जन्म देणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. माहितीपुस्तकाची सुरुवातीची काही पानं तेवढी उरली होती आणि त्यांत यंत्र जहाजातून उतरवताना कोणती काळजी घ्यावी, एवढंच होतं. ती काळजी सगळ्यांनी आजवर मनापासून घेतली होती. म्हातारीला पुन्हा कुणी जहाजावर चढवलं नव्हतं.

ही म्हातारी चालवण्यात बाबांनी (कुणाचे बाबा, ते पुढे येईलच) उभी हयात काढली. त्यातल्या 'उभी'वर त्यांचा विशेष भर असे. "ड्युटीवर कधी बूड टेकलं नाही आपण," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना 'सदैव जागरूक कामगार' अशी ढाल दिली. ढालीवर पितळेचा एक मोठा उघडा डोळा होता. बैठकीच्या खोलीत ती अशा जागी लावली होती, की पाहुणा कुठल्याही खुर्चीत बसला तरी डोळा त्याच्याकडेच बघे. बरेच पाहुणे पाणी पिऊन लगेच निघत.

बाबा निवृत्त झाले आणि लगेचच्या सोमवारी म्हातारी बिघडली. "ती फक्त त्यांचंच ऐकायची," असं सगळे म्हणू लागले. हे वाक्य कारखान्यात पहिल्यांदा बाबांनीच म्हटलं होतं, पण आता ते लोकमत झालं होतं.

दुरुस्तीची जबाबदारी ज्यांच्यावर आली ते त्याच कारखान्याचे देखभाल अभियंता, आणि बाबांचे एकुलते एक चिरंजीव. आपणही त्यांना चिरंजीवच म्हणू. स्वतःच्या नावाने हाक मारली की ते जरा दचकत. देखभाल विभागात ते स्वतः, एक टर्नर आणि एक कुलूप न लागणारं कपाट, असे तिघे होते.

मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावलं. टेबलावर एका नव्या यंत्राचं गुळगुळीत माहितीपत्रक पडलं होतं.

"हे बघा, महिनाअखेरपर्यंत म्हातारी सुधारली तर उत्तम. नाही तर भंगारवाल्याला मी निरोप देऊन ठेवलाय."

"साहेब, तिचे भागच कुठे मिळत नाहीत."

"मिळत नाहीत तर बनवा. अभियंता आहात ना?"

असं कुणी विचारलं की चिरंजीवांची मान आपोआप हलत असे. ती कोणत्या दिशेला हलली, हे त्यांना नेहमी नंतर कळे.

घरी जेवताना त्यांनी ही बातमी सांगितली, आणि बाबांचा हात ताटावरच थांबला.

बाप-लेकाचं बोलणं एरवी बेताचंच. "आलास?" "आलो." "दार लावलंस?" "लावलं." एवढ्या भांडवलावर दोघांनी आजवर सुखाने संसार केला होता. त्या दिवशी बाबा जरा जास्त बोलले.

"भंगारवाला येईल त्या दिवशी मला सांगू नकोस," ते म्हणाले. "मी आत्याकडे जाईन तुझ्या." आणि उठून हात धुवायला गेले. ताटात अर्धं जेवण तसंच होतं. या माणसाने ताटात काही टाकलेलं आईने लग्नानंतर प्रथमच पाहिलं.

"काहीतरी कर रे," ती हळूच म्हणाली.

"करतो. एकेक भाग खोलायचा, मोजायचा, त्यावरून ड्रॉइंग काढायचं आणि तसाच नवा बनवायचा. रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात त्याला."

"म्हणजे मी लोकांकडे जेवून आल्यावर घरी तसंच करून बघते, तसं?"

"अगदी तसं."

आईचा चेहरा पडला. "मग अवघड आहे," ती म्हणाली.

बातमी शेजारच्या काकांपर्यंत भिंतीतून पोचली. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते, सल्ला खात्यातून व्हायचे होते. सकाळी जिन्यातच त्यांनी चिरंजीवांना गाठलं.

"हे बघ बाळ, यंत्राचं वय झालं की त्याला हवापालट लागतो. तिला खिडकीजवळ हलव."

"काका, तिचं वजन मोटारीएवढं आहे."

"मग खिडकी तिच्याजवळ हलव."

चिरंजीवांनी आधी सभ्य मार्ग धरला. म्हातारीच्या पितळी पाटीवर कंपनीचा पत्ता होता. गिअरचा फोटो जोडून त्यांनी त्या पत्त्यावर पत्र धाडलं. तिथे आता दातांचा दवाखाना निघाला होता. डॉक्टर फार सज्जन. त्यांनी फोटो बारकाईने पाहून उलटटपाली कळवलं, की तिसरा आणि सातवा दात वाचण्यासारखा नाही, आणि उरलेल्यांवरून पेशंटला झोपेत दात खायची सवय दिसते. वाईट याचं वाटलं, की निदान बरोबर होतं.

मग म्हातारीला खोललं. गिअर, खटका, बुश, स्प्रिंगा, सगळं एका फडक्यावर ओळीने मांडलं. चिरंजीवांनी कॅलिपर लावून प्रत्येकाचं माप घेतलं, झिजण्यापूर्वी तो केवढा असेल याचा हिशेब केला, आणि टर्नरने लेथवर एकेक भाग कोरा करकरीत बनवून दिला. नव्या चपलांनी म्हाताऱ्या माणसाचं जे होतं, तेच म्हातारीचं झालं. ती पावलागणिक अडखळू लागली. बटणांऐवजी चाळण्या निघू लागल्या.

"साहेब," टर्नर म्हणाला, "बाकीचे सगळे एकमेकांबरोबर झिजलेत. त्यांच्यात हे नवे गेले, घरात नवी सून आल्यासारखे. त्यांना ह्यांचं कळत नाही, ह्यांना त्यांचं."

यावर विचार करून चिरंजीवांनी जो निर्णय घेतला, तो जगातल्या फार थोड्या अभियंत्यांनी घेतला असेल. त्यांनी ठरवलं, की नवे भाग झिजलेलेच बनवायचे.

"झिजलेले?" टर्नरने टोपी काढली.

"जितका जुना झिजलाय तितकाच. या दाताचा हा कोपरा उडालाय, तो असाच उडवायचा. इथे खळगा आहे, तोही हवा."

"आमच्या उस्तादांचा पार्ट बिघडवला की ते कानाखाली द्यायचे," टर्नर डोकं खाजवत म्हणाला. "आता नाही बिघडवला तर तुम्ही देणार. चालू द्या."

टर्नरने जीव ओतून भाग खराब केले. ते तपासणी विभागात गेले, तर तपासनिसांनी त्यांवर 'झिजलेला, नाकारला' असा शेरा मारला. चिरंजीव ड्रॉइंग घेऊन धावले.

"साहेब, झीज ड्रॉइंगमध्येच आहे. ही बघा. उलट या कोपऱ्यात थोडी कमीच पडली आहे."

"कमी पडली?" तपासनिसांनी चष्मा पुसला, ड्रॉइंग पाहिलं, भाग पाहिला, आणि जुना शेरा खोडून नवा लिहिला. 'पुरेसा झिजलेला नाही, नाकारला.'

शेवटी टर्नरने त्यांच्या टेबलाशीच कानशीचे दोन हात मारले, आणि भाग एकदाचा पास झाला. एवढं झाल्यावर म्हातारी पुन्हा त्या पहिल्या आठवड्यासारखी चालू लागली. म्हणजे पाच भोकं, तीन भोकं, अधूनमधून चार. प्रगती नक्की होती. फक्त ती जिथून निघालो तिथवर येण्याची होती.

महिना संपत आला. घरी बाबा आत्याकडे जायची पिशवी भरून दाराशी ठेवून मोकळे झाले होते. येता-जाता सगळे त्या पिशवीला ठेचकाळत, पण ती उचल म्हणायची कुणाची छाती नव्हती.

एका दुपारी चिरंजीव म्हातारीसमोर उलट्या बादलीवर बसले आणि तिला नुसतेच बघत राहिले. अभियंत्याने करावं असं आता काही उरलं नव्हतं. तेव्हा त्यांना दिसलं, की खांब ज्या खोबणीत बसतो, ती एकाच बाजूने झिजली आहे. जणू कुणीतरी वर्षानुवर्षं खांबाला डावीकडून हलकेच रेटून धरलं होतं. आता तो रेटा नव्हता, म्हणून खांब डुगडुगत होता, खटका चुकत होता आणि भोकं भरकटत होती. त्यांनी डावी बाजू पाहिली. तिथला हिरवा रंग तीन जागी उडाला होता. साधारण खांद्याच्या उंचीला एक मोठी, लांबट, आरशासारखी गुळगुळीत जागा. खाली कमरेशी दुसरी. आणि सगळ्यात वर एक लहानशी गोल जागा, काळपट, तेलकट.

चिरंजीव बादलीवरून उठले. बादली पडली.

"सापडलं!" ते ओरडले. "इथे एक भाग होता! तो हरवलाय!"

शेजारच्या टेबलावर तीन मावशी बटणं निवडत बसत. चिरंजीवांनी त्यांना विचारलं, "मावशी, इथे म्हातारीला डावीकडून टेकून काही असायचं का हो?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. "आम्ही खाली मान घालून काम करतो बाबा," थोरल्या मावशी म्हणाल्या. "वर काय असायचं ते आम्हाला काय ठाऊक?" मग बाकीच्या दोघी तोंडावर हात दाबून खोकत राहिल्या.

चिरंजीव गेटवर गेले.

"वर्णन सांगा," वॉचमन म्हणाला.

"उंची पाच-सव्वापाच फूट. एका बाजूने गोलसर. वरचं टोक तेलकट."

"लोखंडी?"

"नाही, मऊ असावा. रंग घासलाय, पण ओरखडा कुठे नाही."

वॉचमनने त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. "साहेब, सव्वापाच फूट, मऊ आणि तेलकट, अशी इथून रोज शंभर माणसं जातात."

चिरंजीवांनी हार मानली नाही. उडालेल्या रंगाच्या जागांवरून, झिजेच्या कलावरून, त्यांनी त्या हरवलेल्या भागाचं ड्रॉइंग काढलं. खांबाला तीन ठिकाणी टेकणारा, किंचित कललेला, मधे थोडा फुगीर असा काहीतरी. आयुष्यात त्यांनी इतकं सुंदर ड्रॉइंग काढलं नव्हतं. घरी आणून ते त्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरलं. बाबा खाली भाजी आणायला गेले होते.

आई हात पुसत आली आणि वाकून बघू लागली.

"काय रे हे?"

"म्हातारीचा हरवलेला भाग. मूळ कंपनीने दिलेला असणार. फार हुशारीने बनवलाय, बघ. खांद्याशी आधार, खाली वजन, वर स्वतंत्र तेलपाणी..."

"अरे, हे तर तुझे बाबा आहेत."

चिरंजीव हसले. आई हसली नाही. तिने त्यांना हाताला धरून स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. दाराशेजारच्या भिंतीचा रंग तीन जागी उडाला होता. खांद्याशी मोठा लांबट, कमरेशी दुसरा आणि वर एक लहान, गोल, तेलकट डाग.

"इथे उभं राहून विचारतात, स्वयंपाक झाला का," आई म्हणाली. "मी उत्तर देईपर्यंत डोळा लागतो. झोपलात का म्हटलं, की म्हणतात, छे, ऐकतोय."

"उभ्या उभ्या झोपतात?"

"घोडा नाही झोपत?"

चिरंजीवांनी भिंतीकडे पाहिलं. मग बैठकीच्या खोलीकडे पाहिलं. 'सदैव जागरूक' डोळा त्यांच्याकडेच बघत होता.

तर कारखान्यातलं सगळ्यात गूढ यंत्र आजवर चाललं, ते बाबा त्याच्यावर रेलून झोपत म्हणून. नुसतं चाललं नाही. ते बाबांच्या अंगाने झिजत झिजत असं झालं होतं, की त्यांच्याशिवाय त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. हे बाबांना सांगायचं कसं?

"सांगायचं नाहीच," आई म्हणाली. "आयुष्यात एकच गोष्ट मिरवली त्या माणसाने. उद्या त्यांना कारखान्यात ने. तज्ज्ञ म्हणून. डबा मी देते."

"डब्याने काय होणार?"

"तू तुझं इंजिनिअरिंग बघ. माझं मला कळतं."

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात आले. मावशींनी उठून हसून विचारपूस केली. टर्नरने म्हातारी चालू केली आणि बाबा तिच्यासमोर उभे राहिले. पण लेक बघतोय, टर्नर बघतोय, म्हणून ते असे ताठ उभे राहिले, की पहारेकऱ्याने लाजावं. हात पाठीमागे, छाती पुढे, म्हातारीपासून चांगलं हातभर अंतर.

पाच भोकं. तीन भोकं. पाच.

बाबांनी खटक्याशी काही केलं, पट्ट्याला हात लावून पाहिला, "हं" म्हणाले, "असं होय" म्हणाले. तीन भोकं. मग एक बिनभोकाचं. बाबांनी ते बटण उचललं आणि तळहातावर ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"विसरली मला," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. म्हणूनच ते सगळ्यांना नीट ऐकू आलं, आणि मावशी खरोखरच खाली मान घालून काम करू लागल्या.

जेवणाच्या सुट्टीत आईचा डबा उघडला. एका माणसाचा म्हणून दिलेल्या त्या डब्यात एक लहानसं लग्न उरकलं असतं. बाबा आधी नको नको म्हणाले, मग जेवले. दुःखी माणूस जेवतो तसे, खाली बघत, सगळं संपेपर्यंत. सुट्टी संपल्यावर म्हणाले, "निघतो मी. जाता जाता एकदा तिचा आवाज ऐकतो."

आणि आवाज ऐकण्यासाठी ते म्हातारीजवळ गेले. अगदी जवळ. खांदा आपसूक त्या लांबट जागेत जाऊन बसला. कंबर तिच्या जागी टेकली. डोकं त्या गोल डागावर अलगद विसावलं, आणि बाबांचे डोळे मिटले.

म्हातारीची खडखड थांबली. घरघर सुरू झाली, समाधानी, एकसुरी. ट्रेमध्ये बटण पडलं. चार भोकं. पुढचं, चार. त्याच्या पुढचं, चार.

थोरल्या मावशींनी तोंडावर बोट ठेवलं. टर्नर पाय न वाजवता कॅलिपर घेऊन आला. चिरंजीवांनी ओळंबा सोडून बाबांचा कल मोजला. ताणकाट्याला दोरी बांधून त्यांचा रेटा मोजला. कोपरापासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून डोक्यापर्यंत कॅलिपर लावला. शाळेत असताना बाबांच्या खांद्यावर बसल्याचं त्यांना आठवत होतं. त्यानंतर बाबांना हात लावायचं काही कारण निघालं नव्हतं. तो खांदा आता त्यांच्या हातात होता, आठवणीतल्यापेक्षा बराच अरुंद, आणि डावा उजव्याहून थोडा खाली. म्हातारी बाबांच्या बाजूने झिजली होती तसे बाबाही म्हातारीच्या बाजूने झिजले होते. चिरंजीवांनी तेच माप दोनदा घेतलं. मग, तपासून पाहावं म्हणून, आणखी एकदा.

"काय चाललंय काय?" दारातून मॅनेजरसाहेबांचा आवाज आला.

"साहेब, हळू," चिरंजीव कुजबुजले आणि ट्रे पुढे केला. साहेबांनी बटणं पाहिली, बाबांना पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ती ढाल उमटली. ती त्यांनीच स्वतःच्या हाताने दिली होती.

"हे... झोपलेत?"

"छे," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "ऐकतोय."

साहेब ट्रेमधलं एक बटण उचलून हलक्या आवाजात म्हणाले, "उद्या महिनाअखेर. संध्याकाळी ट्रक येणार आहे. त्यांना काही रोज उभं करता येणार नाही."

"एक भाग बनवायचाय फक्त," चिरंजीव म्हणाले. "माप मिळालंय."

टर्नरने दुपारभर खपून तो भाग केला. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, मधे एक जाड स्प्रिंग, खांद्याशी, कमरेशी आणि वर डोक्याशी रबर ठोकलेल्या लाकडी टेकण्या. ड्रॉइंगवर नावाच्या चौकटीत चिरंजीवांनी 'टेकू' असं लिहिलं. वरच्या टेकणीला कोणतं वंगण द्यायचं हा प्रश्न आईने सोडवला. तिने बाबांच्या डोक्याच्या तेलाची बाटली गुपचूप चिरंजीवांच्या पिशवीत घातली. बाबांना यातलं काही सांगितलं नाही. ते "ऐकून आलो, थकली आहे ती," एवढंच म्हणाले होते आणि पिशवीत आणखी एक शर्ट भरला होता.

महिनाअखेरीस सकाळी टेकू बसवला. म्हातारीने क्षणभर अंदाज घेतला आणि घरघरू लागली. चार, चार, चार. सकाळभर चार. मावशींनी टेकूला 'या, बसा' म्हटलं. टर्नरने त्याच्या खांद्यावर आपली टोपी अडकवली.

आणि जेवणाची सुट्टी झाल्यावर पाच भोकांचं बटण पडलं.

चिरंजीवांनी स्प्रिंग आवळली. तीन भोकं. सैल केली. पाच. टर्नरने आपली टोपी काढून घेतली, उगीच आपल्यावर नको. ट्रक वेळेआधीच आला होता. भंगारवाला दोन माणसं आणि दोर घेऊन आत आला आणि म्हातारीभोवती फिरून तिला खालून वरून बघू लागला. मॅनेजरसाहेब घड्याळाकडे बघत होते आणि चिरंजीवांकडे बघायचं टाळत होते.

चिरंजीवांनी घरी फोन लावला. फोन बाबांनीच उचलला.

"आलास?" बाबा म्हणाले.

"नाही बाबा, फोनवर आहे."

"हां."

"बाबा, म्हातारी सकाळभर नीट चालली. आता पुन्हा चुकतेय. सगळं करून पाहिलं. ट्रक आलाय." ते थांबले. मग सांगायचं नाही असं ठरलेलंही सांगून टाकलं. "तिला एक टेकू केलाय. डावीकडून."

पलीकडून स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज येत होता. मग दार लोटल्याचा आवाज आला, आणि नळ ऐकू येईनासा झाला.

"डावीकडून," बाबा म्हणाले.

"हो."

"तीन जागी?"

"हो बाबा."

भंगारवाल्याच्या माणसाने दोर जमिनीवर टाकला. तो आवाज फोनमधून पलीकडे गेला असावा.

"जेवणानंतर खांदा दोन बोटं खाली घे," बाबा एकदम म्हणाले, हळू आवाजात, भराभर. "डावा. जेवल्यावर माणूस जरा जास्त कलतो. इतक्या वर्षांची सवय आहे तिला. आणि कमरेचा जोर वाढव."

"किती?"

"चांगला वाढव. त्या वेळी झोप गाढ असते."

चिरंजीवांनी तळहातावर 'दोन बोटं' असं लिहून घेतलं.

"फोन ठेव आता," बाबा म्हणाले. "ट्रक उभा आहे ना?"

चिरंजीवांनी टेकूचा बोल्ट सैल केला, खांदा दोन बोटं खाली घेतला, कमरेची स्प्रिंग आवळली. टर्नरने म्हातारी चालू केली. चार. भंगारवाला वाट बघत होता. चार. मॅनेजरसाहेबांनी एक बटण उजेडाकडे धरून मोजलं, दुसरं मोजलं, थोरल्या मावशींना मोजायला दिलं. दुपारी लोखंड तापतं, फुगतं, आणि त्याने खांबाची ढिलाई बदलते, असं चिरंजीवांनी पुढे अहवालात लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. मावशींनी बटण परत दिलं. "चार," त्या म्हणाल्या, "आणि वर मान करून सांगते."

भंगारवाल्याला रिकाम्या हाताने परतणं बरं दिसेना. तो बादली घेऊन गेला.

चिरंजीव घरी पोचले, तेव्हा दाराशी ठेच लागली नाही. पिशवी जागेवर नव्हती. बैठकीच्या खोलीत शेजारचे काका पितळी डोळ्यासमोर अवघडून बसले होते. खिडकी हलवली का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते. खांदा भिंतीवरच्या त्याच्या जागी, कंबर कमरेच्या जागी.

"आलास?"

"आलो."

"दार लावलंस?"

"लावलं."

मग थोडं थांबून बाबांनी विचारलं, "चालू आहे?"

"चालू आहे. दोन बोटं खाली."

बाबांनी मान हलवली. डोकं मागे नेऊन त्या तेलकट डागावर टेकवलं आणि डोळे मिटले. स्वयंपाकघरात काहीतरी उकळत होतं. बऱ्याच वेळाने आतून आईने नेहमीसारखी हाक मारली.

"अहो, झोपलात का?"

"हो," बाबा म्हणाले.